बोडिलच्या चुकीचा केक

बोडिल क्रागला एबेलटॉफ्ट या बंदराच्या गावात कोणी नाजूक म्हटल्याचं ऐकिवात नाही. बाप मच्छीमार, नवरा मच्छीमार. नवरा गेल्यावर त्याची होडी परस्पर विकायला निघालेल्या दिराला तिने धक्क्यावरूनच असा पिटाळला, की तो पुन्हा त्या रस्त्याला फिरकला नाही. पुढे कितीतरी वर्षं मासळीच्या शेडमध्ये हेरिंग कापण्यात गेली. शेड बंद झाली तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती, आणि आता घरी बसून मोजे विणावेत असं सगळ्यांचं एकमत झालं होतं. फक्त बोडिलला कोणी विचारलं नव्हतं.

गावच्या गोदीत तेव्हा जुनी लाकडी युद्धनौका, एक फ्रिगेट, उभी होती. शिडांवर चालायची, वारा पडला की वाफेवर चालायची, आणि तोफा घेऊन लढाईतूनही जाऊन आलेली. नंतर मात्र ती बंदरात कुजत पडली. तिला जाळून टाका म्हणणारे दीडशहाणे गावात काही कमी नव्हते. तरी दुरुस्ती सुरू झाली, आणि बोडिल काम मागायला गेली.

"मलाही घरी बस म्हणतात," ती म्हणाली. "बघू, आमच्यात आधी कोण कुजतं ते."

फटी बुजवणाऱ्या टोळीचा मुकादम होल्गर सत्तरीला टेकलेला होता. माणसं कमी होती, म्हणून त्याने तिला घेतलं. काम अंगमेहनतीचं. डेकच्या दोन फळ्यांमधल्या फटीत डांबरात भिजवलेला ताग बोथट छिन्नीने ठोकून बसवायचा, वर उकळतं डांबर ओतायचं. मग वरून बादल्या ओतायच्या आणि खाली तोफांच्या मजल्यावर उभं राहून बघायचं. ज्याची फट गळली, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्या टोळीला थरांचा केक खिलवायचा, वर शिव्याही खायच्या.

"पूर्वी याच मजल्यावर चुकणाऱ्याच्या पाठीवर दोराचे फटके बसायचे," होल्गर सांगे. "चारशे माणसं तोफांमध्ये झोळ्या टांगून झोपायची, तिथेच जेवायची, आणि तिथेच मार खायची. तुम्ही केकवर सुटता, लेको!"

प्रेबेन नावाच्या गड्याचे तर केक संपता संपत नव्हते. "प्रेबेन, तू जहाज दुरुस्त करायला येतोस की बेकरी चालवायला?" हे रोजचंच झालं होतं.

पानगळीच्या दिवसांत बोडिलची फट गळली. चांगली धार लागली, सगळ्यांनी पाहिली. पण केकचं नाव कोणी काढलं नाही. प्रेबेन आपल्या बुटांकडे बघत बसला. होल्गर वर चढला, तिचा ताग उपटून नवा ठोकून आला आणि गोड आवाजात म्हणाला, "काही नाही हो बाई. होतं असं."

बोडिलच्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या दिल्या असत्या तर ती हसली असती. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच केक घेऊन आली आणि कॉफीच्या वेळी तोफांमधल्या टांगत्या टेबलावर आदळून म्हणाली, "चुकले मी. खा."

"अहो, तुमचं कोण मनावर घेतंय?" होल्गरने ताट अलगद तिच्याकडे सरकवलं. "घरी न्या, शेजाऱ्यांना द्या."

"फटका असो नाहीतर केक, तो जहाजावरच्या माणसालाच बसतो," बोडिल म्हणाली. "पाहुण्याला कोणी मारत नाही. मी पाहुणी आहे का इथे?"

सगळ्यांनी कॉफीचे कप तोंडाला लावले. मिळायचं ते उत्तर तिला मिळालं. तिने केक उचलला आणि तोफेच्या खिडकीतून खाली गोदीत भिरकावला. सीगलांची चंगळ झाली.

मग छिन्नी घेऊन ती वर गेली आणि होल्गरने बुजवलेली फट उपसायला लागली. तो धापा टाकत मागे आला. "अहो, माझं काम काय उपटताय?"

"फट माझी आहे. माझी मी बुजवीन."

दुपार कलेपर्यंत ती ठोकत राहिली. डांबर ओतून ते गार होईतो तिथेच ठाण मांडून बसली. मग खाली येऊन बरोबर त्या फटीखाली स्टूल ठेवून बसली, टोपी काढली, तोंड वर केलं.

"ओत, प्रेबेन!"

"बाई, पाणी गार आहे हो," वरून आवाज आला.

"ओत म्हणते ना!"

एक बादली झाली, दुसरी झाली. खाली कोरडं ठणठणीत. गडी माना डोलवत निघाले, पाहुण्या बाईंचं मन राखल्यासारखे.

"अजून एक!" बोडिल ओरडली.

तिसऱ्या बादलीला एक थेंब सुटला आणि नेमका तिच्या नाकावर पडला.

सगळे जागच्या जागी थांबले. बोडिलने नाक पुसलं नाही, मानही खाली घातली नाही. तिने होल्गरवर डोळे रोखले. आता हा पुन्हा 'होतं असं' म्हणाला, तर हातोडा त्याच्या पायाशी टाकून निघून जायचं, हे तिचं ठरलं होतं. मोजे तर मोजे.

"बोल," ती म्हणाली. "प्रेबेनला जे बोलतोस, ते बोल."

होल्गरने थेंबाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"अगं गाढवे!" तो असा गरजला की वर प्रेबेनच्या हातून बादली सुटली. "दिवसभर ठोकून हे दिवे लावलेस? फट आहे ती, हेरिंगचं पोट नाही! उद्या केक पाहिजे! तीन थरांचा! आणि क्रीम घरी घुसळलेलं. डब्यातलं आणलंस तर तोफेत घालून उडवीन तुला!"

वरून प्रेबेन आनंदाने किंचाळला, "बेकरीला भागीदार मिळाली रे!"

बोडिलने बाहीने नाक पुसलं. तिला हसू आवरत नव्हतं. "आणि सकाळचा केक? तो नाही धरायचा?"

"तो पाहुणीचा होता," होल्गर म्हणाला. "ऊठ आता, स्टूल उचल."