पारण्याचा लाडू

नाव कुणाचंच सांगत नाही. सांगितलं तर गावभर होईल, आणि आमच्या घरात भांडण आतल्या आत जिरवायची पद्धत आहे. हे भांडण मात्र मला जिरवायचं नाही.

आमची कुत्री गावठी, तांबूस रंगाची, एक कान कायम पडलेला. कळंब्याला घर बांधत होतो तेव्हा वाळूच्या ढिगावर येऊन बसली ती बसलीच. तिला आणली कुणी नाही, आणि सासूबाईंनी कुणाला हाकलू दिली नाही. सासूबाईंना मी आईच म्हणते. आई देवळात निघाल्या की ही पुढं, आई आत असेपर्यंत चपलांपाशी बसणार, आई बाहेर आल्या की पुन्हा मागोमाग घरी. मामंजी गेल्यावर दुपारच्या वेळी आई बोलायच्या त्या फक्त हिच्याशी. "खाल्लीस का गं बया?" इतक्या मायेनं त्यांनी मला आजवर विचारलेलं नाही, हेही सांगून टाकते.

पहिली लस टोचायला नेली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. कांदा नको, लसूण नको, द्राक्षं-बेदाणे नकोत, चॉकलेट तर मुळीच नको. आपण चवीनं खातो ते कुत्र्याला विष असतं. आईंचा चेहरा असा खुलला म्हणता! "कांदा-लसूण आमच्या उंबऱ्याच्या आत येतच न्हाय की हो डॉक्टर. आम्ही जैन." डॉक्टर हसून म्हणाले, मग तुमची कुत्री नशिबाची. घरी आल्यावर मी बेदाण्याची बरणी वरच्या फळीवर टाकली. आता आपल्या घरात तिला धोक्याचं काही उरलं नाही, असं सगळ्यांनी धरून टाकलं. शेजारी तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करून कुत्र्याला घालायचे, ते बघून आई नाक मुरडायच्या. त्यांचं कुत्रं अजून जिवंत आहे.

आता मुरगूडच्या वन्सं. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. कांद्याला शिवत नाहीत, पण नाकानं कांदे सोलण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. माझा वरण-भात पातळ, माझं तूप कणीदार नाही, माझ्या घरात पाणी गाळायचं फडकं जुनं. माहेरी येतात त्या तपासणीलाच येतात. आणि आईंना त्यांचं सगळं गोड. लेक बोलली म्हणजे शास्त्र.

भाद्रपदात पर्युषण पर्व संपताना आईंनी उपास धरला. त्यांना साखरेचा आजार, डॉक्टर नको म्हणतात, पण ऐकतंय कोण. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. पारण्याला आईंचा एक नियम आहे, बाजारचं, पाकिटातलं काही चालत नाही. सगळं घरी निवडलेलं, घरी कुटलेलं. वन्सं सकाळीच मुरगूडहून डबा घेऊन आल्या.

"आई, साखरेचा कण न्हाय, गुळाचा खडा न्हाय. निव्वळ खारीक, डिंक आणि तूप. हातानं कुटलंय." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "वहिनी, असं करावं लागतंय आजारी माणसाचं."

आईंचा दुसरा नियम असा की आपल्या तोंडात घास जायच्या आधी मुक्या जिवाच्या तोंडात गेला पाहिजे. ही रीत मला मनापासून आवडायची. त्या दिवशीही त्यांनी पहिला लाडू स्वतः न खाता कुत्रीला हातानं भरवला. तिनं मिटक्या मारत खाल्ला. वन्संना कोण कौतुक! "बघ की, जनावराला बी कळतंय," म्हणत त्यांनी आणखी दोन टाकले. मग आईंनी आपला खाल्ला, पाणी प्यायल्या, पारणं झालं.

थोड्या वेळानं कुत्री ओकली. मग मागचे पाय लटपटायला लागले आणि ती नळापाशी कोलमडली. डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हती. नवरा शिरोलीला फौंड्रीत कामावर गेलेला. मीच तिला पोत्यावर घेतली आणि रिक्षा केली. आई फाटकापर्यंत अनवाणी आल्या. म्हणाल्या, "तिला परत आण गं." बस्स, एवढंच.

डॉक्टरांनी कानाला टोचून रक्त तपासलं. साखर पार खाली गेली होती. "घरात कुणाला डायबेटीस आहे? गोळ्या खाल्ल्या का हिनं?" मी घरी फोन लावला. आईंनी गोळ्यांचं पाकीट बघितलं, सगळं जागच्या जागी. मग डॉक्टर म्हणाले, "शुगर-फ्री काही? साखरेऐवजी वापरतात त्यातली एक पावडर असते. माणसाला काही होत नाही, कुत्र्याला मात्र थोडीसुद्धा मारते."

फोन चालूच होता. मी म्हटलं, वन्संना द्या.

"वन्सं, लाडवात काय काय घातलंय? नीट सांगा, डॉक्टर ऐकतायत."

"सांगितलं की सकाळी. खारीक, डिंक, तूप."

"साखरेऐवजी कसली पावडर?"

"न्हाय म्हटलं न्हवं? माझ्या लाडवावर कशाला येतीयास? तुझ्या घरात काय पडलंय ते बघ आधी!"

मी फोन ठेवला. डॉक्टरांनी ग्लुकोज लावलं. तासाभरात ती उठून बसली, शेपटी हलवली. डॉक्टर म्हणाले, काय खाल्लंय ते कळत नाही, साखर तर वर आलीय, घरी न्या आणि लक्ष ठेवा. मी नेली. आईंनी तिला मांडीवर घेतलं आणि रडल्या. मला वाटलं, सुटलो.

दिवस मावळायच्या आत आमच्याकडं जेवणं होतात. जेवताना वन्संनी माझ्या ताटात लाडू वाढला, खा म्हणजे कळेल कसा करतात ते. मी तोंडात घातला. गोड होता, चांगला होता, आणि गार होता. पुदिन्याची गोळी चघळल्यावर जीभ जशी गार पडते तशी पडली. खारीक मी लहानपणापासून खात आलेय. खारीक कधी गार लागते का हो?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वन्संना हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. विचारलं, काय घातलंय? त्यांनी आधी दार लोटलं.

"हळू बोल की! आई ऐकतील." मग सांगितलं. त्यांच्या लेकीनं परदेशातून पाकीट पाठवलेलं. साखरेसारखंच दिसतं, झाडाच्या सालीपासून काढतात म्हणे, आजारी माणसाला सोसतं. "पाकिटातलं म्हटल्यावर आईनं खाल्लं असतं व्हय? आणि खाल्ल्यावर सांगितलं असतं तर पारणं मोडलं म्हणून पुन्हा उपास धरला असता. तिची साखर काय असती तुला ठाऊक न्हाय?"

"आणि डॉक्टर फोनवर विचारत होते तेव्हा?"

"आई शेजारीच बसलेली. कसं सांगू?"

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुमची अब्रू वाचली, कुत्रीचा जीव गेला तरी चालेल, एवढं नक्की बोलले. आणि आवाज मुद्दाम चढवला, कुणी ऐकायचं ते ऐकू दे म्हणून. मग डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "लगेच आणा. आता साखरेचं राहिलं नाही, आता लिव्हरचं आहे."

दुसऱ्या दिवशी तिच्या हिरड्या पिवळ्या पडल्या. नाकातून रक्त येऊ लागलं. आई दवाखान्यात तिच्या शेजारी फरशीवर बसल्या आणि शेवटच्या घटकेला माणसाच्या कानात म्हणतात तसा तिच्या त्या पडलेल्या कानात णमोकार मंत्र म्हणत राहिल्या. म्हणता म्हणताच ती गेली. डॉक्टर म्हणाले, "आल्या आल्या कळलं असतं तर मी हिला घरी सोडलीच नसती. वाचलीच असती असं नाही म्हणत. पण अख्खा दिवस हातात होता."

घरामागं लिंबाखाली तिला पुरलं. वन्सं मुक्काम वाढवून राहिल्या होत्या, आईंना आधार म्हणून. हातपाय धुऊन सगळे बसलो तर त्या म्हणाल्या, "शेवटी कुत्रंच की. माणूस तर न्हाय गेलं."

झालं. मी आईंसमोर सगळं काढलं. परदेशी पाकीट, पारणं, फोनवरचं खोटं, सगळं. वन्सं पांढऱ्याफटक पडल्या. नवरा "अगं, आत्ता नको" म्हणत होता. त्याला म्हटलं, मग कधी?

आई जमिनीकडं बघत म्हणाल्या, "मला ठाऊक हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"लाडू तोंडात घातला तवाच जीभ गार पडली. खारीक न्हवं ते मला कळलं." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लेकीनं एवढं मायेनं आणलेलं. सुनंसमोर तिला कशी उघडी पाडू?"

म्हणजे मी फोनवर विचारत होते तेव्हा लेक आईला भिऊन गप्प होती, आणि आई माझ्यासमोर लेकीची मान खाली जाऊ नये म्हणून गप्प होती. दोघी एका फोनभोवती बसून. आणि इकडं कुत्री टेबलावर पाय खोडत होती.

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं की आता मी म्हणावं, जाऊ द्या आई, तुम्हाला काय माहीत ते विष आहे. तसं म्हणायला सोपंही होतं.

मी म्हटलं, "आई, तुम्ही दोघींनी मिळून मारलीत तिला."

आई म्हणाल्या, "व्हय."