हर्पिसचं अनुष्ठान

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच चहा मागवा. गोष्ट नवरा-बायकोतली आहे, पण माझ्यासारखी माती तुम्ही खाऊ नये म्हणून सांगतो.

मी लोणारच्या एका कॉलेजात क्लार्क. लग्नाला आठ महिने झालेले. एक दिवस नको त्या जागी फोड आले! गावात दाखवायची छाती कुणाची? एसटीनं बुलढाणा गाठलं. डॉक्टरांनी फोडातलं पाणी तपासायला पाठवलं. निघाला हर्पिस.

"शरीरसंबंधातून लागतो. कधी कधी वर्षानुवर्षं दडून बसतो. बायकोला घेऊन या," ते म्हणाले.

मला लग्नाआधीचं अकोल्यातलं प्रकरण आठवलं आणि घाम फुटला. वैशालीला ते ठाऊकच नव्हतं. तिलाही माझ्यापासून लागला असेल तर? आणि सांगितल्यावर ती माहेरी निघून गेली तर?

मग मी शहाण्यानं काय केलं? तोंड शिवलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, टॉवेल वेगळा आणि अंथरूण थेट देवघरात!

तिसऱ्या दिवशी आईनं निकाल लावला. वैशालीला म्हणते, "त्याले काही विचारू नको बरं. अनुष्ठान धरलं हाये त्यानं. सांगितलं का मोडते."

मीही मान डोलावली. सुटलो म्हटलं! त्याच संध्याकाळपासून माझं कांदा, लसूण, वांगं बंद. ताटात भगर.

अनुष्ठानाचं ऐकून शेजारच्या काकू पाया पडायला वाकल्या. रोग लागायच्या धास्तीनं मी दोन फूट मागे उडालो, "शिवू नका!"

"पाह्यलं का? केवढं कडक सोवळं!" काकूंनी गल्लीभर केलं. दुसऱ्या दिवशी दारात चार जणी, पोरांची दहावीची हॉलतिकिटं घेऊन. हात लावून द्या म्हणे!

अकराव्या दिवशी वैशाली देवघरात येऊन रडायलाच लागली. "खरं सांगा, संसार सोडून हिवऱ्याच्या आश्रमात चालले का तुमी? माह्यं काय चुकलं?"

आता गप्प कसा बसणार? अकोल्यासकट सगळं ओकलो.

तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "म्हणजे बीमारी हाये. संन्यास नाही ना?"

"नाही."

"मंग मले अकरा दिवस काऊन रडवलं? अकोला झालं गेलं. उद्या मी येतो संगं."

डॉक्टरांसमोर मी खाली मान घालून बसलो. विचारलं सगळं तिनंच. "ताटानं लागते का? पाया पडल्यानं?"

डॉक्टर हसले. "नाही हो. फोड असताना जवळ यायचं नाही, एरवी कंडोम वापरायचा. धोका कमी होतो, अगदी संपत नाही. तुम्हाला काही त्रास वाटला तर लगेच या. आणि एकमेकांपासून लपवू नका."

परतीच्या एसटीत तिनं माझा हात हातात घेतला. खरं सांगतो, डोळे भरून आले. गल्ली माझ्या पाया पडत होती, मला मात्र तिच्या पाया पडावंसं वाटलं. दुसरी असती तर राहिली असती का हो?

घरी आलो तर आई दारातच. "झालं का रे अनुष्ठान?"

"झालं, आई," वैशाली बोलली. "फक्त कांदा-वांग्याचा नेम वर्षभराचा धरला म्हणे त्यायनं."

मी तोंड उघडलं. पण आईला सांगणार काय? परत मिटलं.

चार महिने झाले. घरात वांग्याचं भरीत होतं, आणि मी भगर खातो. चहा तेवढा चालतो. वैशालीला विचारूनच आलोय.