अकराव्या घराचं पान

त्या शनिवारी दुपारी ते पान माझ्या हातून फाटलं. कागद जुना होता, भिजून वाळलेला होता, हे सगळं खरं. पण आमच्या कागद तपासणाऱ्या चाचांनी मला दोनदा सांगितलं होतं की हात लावू नका, आणि मी लावला.

मी सोलापुरातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातली सहा वाचनालयं आम्ही एकत्र आणली. आमचं एक, पूर्व भागातलं विणकरांचं तेलुगू वाचनालय, बाजारातलं उर्दू, अक्कलकोटकडचं एक कन्नड, मोडनिंबचं एक, आणि जेऊरच्या पुढं धरणाच्या पाण्याकाठी वसलेल्या एका गावाचं. जुनी पुस्तकं, हस्तलिखितं, वर्तमानपत्रांचे गठ्ठे यांचे फोटो काढून संगणकावर जपायचे, असं ठरलं होतं. एकट्या वाचनालयाला स्कॅनर परवडणारा नव्हता. सहा जणांनी मिळून अर्ज केला, अनुदान मिळालं, आणि ते मशीन आमच्या वरच्या हॉलमध्ये येऊन बसलं. ज्याची पुस्तकं असतील त्यानं ती आणायची, काम झालं की न्यायची.

मशीनवर तेलुगू वाचनालयाची ग्रंथपाल बसायची. विणकर घरातली, चाळिशीला आलेली, कमी बोलणारी. कागद तपासून द्यायचं काम उर्दू वाचनालयाच्या चाचांकडं. त्यांचं सगळं आयुष्य पुस्तकबांधणीत गेलं होतं. कागद नुसता बोटांनी चाचपून तो कधी भिजला, कधी वाळला, हे ते सांगायचे.

पाच वाचनालयांचं काम सुरू झालं. जेऊरकडचे गुरुजी मात्र येईनात. फोन केला की म्हणायचे, "बघू की." आणि ठेवून द्यायचे. शेवटी मीच पॅसेंजरनं जेऊरला उतरले, तिथून जीपनं त्यांच्या गावात गेले. दोन्ही बाजूला ऊस, मधेच केळीच्या बागा, आणि पाण्यावरच्या मोटारींची घरघर. गुरुजी पंचाहत्तरीचे. वाचनालय म्हणजे त्यांच्या घराला लागून असलेली पत्र्याची खोली.

"बाई, आमी एकदा फसलोय," ते म्हणाले. "शहरातला एक माणूस अभ्यासाला म्हणून दोन वह्या घेऊन गेला. परत न्हाय आला. आता ही एकच राहिली."

ती वही त्यांनी पेटीतून काढली. धरणाचं पाणी यायच्या आदल्या वर्षी गुरुजी जुन्या गावात नवीन शिक्षक होते. गाव उठणार हे कळल्यावर त्यांनी घराघरात जाऊन सांगितलं की ज्यानं त्यानं आपल्या घराबद्दल एक पान लिहावं. घर कुठं, दार कुणीकडं, दारात काय, घरात माणसं किती. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं गुरुजींनी लिहिलं. एका घराला एक पान, मागची बाजू कोरी. गाव पाण्याखाली गेलं आणि वही राहिली. पुढं एका पावसाळ्यात पत्रा गळून ती भिजली, आणि मधली बारा-पंधरा पानं एकमेकांना घट्ट चिकटली.

"मग ती पानं कुणी वाचलीच नाहीत?"

"भिजायच्या आदी वाचलेली. लई वर्षं झाली. आता काय ध्यानात हाय?"

मी दुपारभर बसून राहिले. शेवटी त्यांनी वही पंच्यात गुंडाळली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "आठ दिवस. तुमच्या हातानं न्यायची, तुमच्या हातानं आणायची."

चाचांनी वही पाहिली आणि चिकटलेल्या भागावरून अंगठा फिरवला. "ये जबरदस्ती नहीं मानेगा," ते म्हणाले. मग माझ्यासाठी मराठीत, "मॅडम, याला दमट हवेत ठेवायचं. टिपकागदाच्या घड्यांत. चार दिवस, पाच दिवस. एक-एक पान स्वतःहून सुटेल. घाई नक्को."

अडचण अशी की अनुदान देणारे लोक सोमवारी पाहणीला येणार होते. सहाही वाचनालयांचं निदान एकेक काम पूर्ण झालेलं त्यांना दाखवायचं, असं मी लेखी कळवून बसले होते. पाच तयार होती. सहावं म्हणजे ही वही. शुक्रवारपर्यंत नवव्या पानापर्यंतची सगळी सुटली; दहावं अजून अकराव्याला चिकटलेलं होतं. चाचांनी पुन्हा सांगितलं, "उरलेली राहू द्या." शनिवारी ते लग्नाला गेले.

बाहेर एप्रिलचं ऊन. हॉलमधले पंखे पानं उडू नयेत म्हणून बंद केलेले. मी चाचांच्या डब्यातली पातळ पट्टी घेतली आणि दहाव्या-अकराव्या पानांच्या मधे सरकवली. पट्टी दोन बोटं आत गेली. मला वाटलं, जमतंय. मशीनवरून ती म्हणाली, "मॅडम, चाचा येऊ देत." मी म्हटलं, "आलंच, बघ." आणि थोडा जोर लावला.

वाळलेली पुरी मोडावी तसा आवाज झाला.

अकराव्या पानाचा वरचा पापुद्रा निघून पट्टीला गुंडाळला गेला होता. उरलेल्या पानाचे हातात येईल तसे तुकडे झाले. काही तुकड्यांवर अर्धी अक्षरं होती, बाकीचा भुगा. ती मशीनवरून उठून माझ्याजवळ आली. तिनं एक पांढरा कागद आणला आणि आम्ही दोघींनी त्यावर तुकडे गोळा केले. माझ्या बोटांत तुकडे आणखी मोडायला लागले, तेव्हा तिनंच मला बाजूला बसवलं.

रविवारचा दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. मनात एकच यायचं: ती पानं कित्येक वर्षं कुणी उघडलेली नाहीत. वही बंद करून नेऊन दिली तर कुणाला कळणार? गुरुजींना दिसलंच तरी ते म्हणतील, भिजलेली होती, गेलं असेल. मी हे नुसतं मनात आणलं नाही, गुरुजींशी काय बोलायचं तेही जुळवून ठेवलं. सोमवारी उजाडताच चाचांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"आता काय करू, चाचा?"

"मुझे क्यों पूछती?" ते म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे."

त्याच दिवशी पाहणीचे लोक आले, चहा घेतला, पाच कामं पाहिली. सहावं अपुरं आहे म्हटल्यावर "ठीक आहे, पुढं पाठवा" एवढंच म्हणाले. ज्या घाईपायी मी पान घालवलं, त्या घाईची कुणालाच गरज नव्हती.

मंगळवारी मी वही घेऊन जेऊरची गाडी पकडली. तुकड्यांचं पाकीट वहीत ठेवलं होतं. गुरुजी ओट्यावर बसले होते. मी पाणीही न पिता सांगून टाकलं, कसं झालं, कुणी नको म्हटलं होतं, हे सगळं. त्यांनी पाकीट उघडलं, आतले तुकडे पाहिले, परत बंद केलं. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

"हे अकरावं घर," ते म्हणाले. "मला कशाला सांगता? पान माझं न्हाय. जिचं हाय तिला सांगा."

ते मला चार घरं सोडून एका दारात घेऊन गेले. तिथं एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिला सगळे आक्का म्हणत. अकराव्या घराची ती सून. पान तिच्या सासऱ्यानं लिहिलं होतं. सासरा, नवरा, दोघंही कधीच गेलेले. गुरुजी दारातच उभे राहिले. मी खाली बसून पुन्हा सगळं सांगितलं.

आक्काचे हात थांबले नाहीत. "फाटलं?"

"हो. माझ्या हातनं."

"त्यात काय लिव्हलं हुतं?"

मी गुरुजींकडं पाहिलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"मला वाचाय येत न्हाय, बाई," आक्का म्हणाली. "मामंजींनी लिव्हलं, गुरुजीनं नेलं. मला कुणी वाचून दावलं न्हाय. मी बी कवा इचारलं न्हाय." मग जरा वेळानं, "आता इचारून बी काय."

परतीच्या गाडीत हे शेवटचं वाक्य माझ्या कानातून जाईना.

आठवडाभरात गुरुजींचं पत्र आलं. त्यांचं वाचनालय आमच्यातून बाहेर पडत होतं. पत्राच्या प्रती त्यांनी इतर सगळ्यांना पाठवल्या होत्या. बैठकीत कन्नड वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले की त्यांचे सभासद आता पोथ्या बाहेर पाठवायला तयार नाहीत. आमच्याच समितीतल्या एकानं विचारलं की ही गोष्ट बाहेर सांगायची काय गरज होती. मी राजीनामा लिहून नेला होता. चाचांनी तो माझ्यासमोरच वाचला, घडी करून स्वतःच्या खिशात घातला आणि विषय बदलला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी तेलुगू वाचनालयाच्या ग्रंथपालबाईनं मला मशीनजवळ बोलावलं. पान फाटलं त्याच संध्याकाळी, मी घरी गेल्यावर, तिनं वहीतली मोकळी झालेली सगळी पानं स्कॅन केली होती, कोऱ्या बाजूंसकट. वेळ वाचवायला कोऱ्या बाजू सोडून द्या, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. तिनं ते ऐकलं नव्हतं.

"ही दहाव्या पानाची मागची बाजू," ती म्हणाली. पडद्यावर नुसता तपकिरी डाग दिसत होता. "अकरावं पान याला चिकटलेलं होतं ना? शाई ओली झाली तेव्हा इकडं उतरली." तिनं डाग गडद केला. ओळींसारखं काहीतरी दिसायला लागलं, पण वाचता येईना. मग तिनं चित्र आरशात दिसावं तसं उलटं केलं.

अक्षरं सुलट झाली. तिरकं, मोडीची सवय असलेल्या हाताचं मराठी. काही शब्द गेले होते, पण बरंच शाबूत होतं. आम्ही दोघी पडद्याला नाक लावून शब्द लावत बसलो. चाचा भिंग घेऊन आले. दार पूर्वेला. दोन खण, एक गोठा. दारात चिंच. माणसं सात. आणि शेवटच्या दोन ओळी. त्या लागल्यावर तिनं खुर्ची मागं सरकवली.

'सुनेचं पहिलं लेकरू गोठ्यामागं मातीत ठेवलं आहे. घर हलवता येईल, ते हलवता येत नाही.'

मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. हे आक्काला वाचून दाखवायचं? जी बाई म्हणाली, इचारून बी काय, तिच्यापुढं हे जाऊन ठेवायचं? चाचा म्हणाले, "पान तिचं आहे." म्हणजे तेच, जे गुरुजी म्हणाले होते.

या वेळी तेलुगू ग्रंथपालबाईही माझ्याबरोबर आली. आधी गुरुजींना कागद दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. "ह्यो त्याचाच हात," एवढंच म्हणाले, आणि आमच्यापुढं चालायला लागले.

मी आक्काला म्हटलं, "थोडं सापडलंय. शेवटी एक गोष्ट आहे, ती ऐकून त्रास होईल. नको म्हणालात तर वाचत नाही."

"वाच की," ती म्हणाली.

मी वाचलं. दार, खण, चिंच ऐकताना ती मान डोलवत होती. शेवटच्या दोन ओळीही वाचल्या. आक्का समोरच्या भिंतीकडं बघत राहिली.

"मामंजींनी लिव्हलं व्हय हे?"

"हो."

"माझ्याशी कवा बोलले न्हाईत त्यावर. एक अक्षर न्हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला वाटायचं, माझ्याबिगर कुणाच्या ध्यानात न्हाय."

गुरुजी दारातून आत आले आणि पहिल्यांदाच खाली बसले. मग आक्का एकदम माझ्याकडं वळली. "पण चुकलंय ते. गोठ्यामागं न्हाय. चिंचंखाली. मामंजी त्या दिवशी गावात न्हवते. त्यांना काय ठावं?"

मी तिला समजावून सांगितलं की हे पान संगणकावर राहील, सगळ्यांना वाचता येईल. तिची इच्छा नसेल तर कुणालाही दिसणार नाही. तिनं विचार केला.

"दिसू दे," ती म्हणाली. "पण चिंचंखाली म्हणून लिवा. आन् ती पोरगी हुती, ते बी लिवा. त्यांनी नुसतं लेकरू म्हटलंय."

जसं तिनं सांगितलं तसं आम्ही तिथंच लिहून घेतलं, आणि ते त्या पानाशेजारी कायमचं जोडलं आहे.

गुरुजींचं वाचनालय परत आलं, पण अट घालून. वही गावाबाहेर जाणार नाही. ती अट मग सगळ्यांनीच उचलली. आता पुस्तकं मशीनकडं येत नाहीत, मशीन पुस्तकांकडं जातं. चाचा ते गोधडीत गुंडाळतात आणि जीपमध्ये शेजारी बसवतात. काम तिप्पट हळू झालं आहे. चिकटलेली उरलेली पानं सुटायला एक अख्खा पावसाळा लागला, आणि ती चाचांनी सोडवली. मी त्या खोलीत असले तरी हात मागं बांधून उभी राहते.

गुरुजींनी मला माफ केलं आहे असं मला वाटत नाही. तुकड्यांचं ते पाकीट त्यांनी वहीतच ठेवलं आहे, अकराव्या घराच्या जागी. मी कधी गेले तर चहा येतो, विचारपूस होते, आणि पेटी उघडायची वेळ आली की ते तेलुगू ग्रंथपालबाईला हाक मारतात, मला नाही.