कानबाईच्या गव्हातली आमची मूठ

गेल्या वर्षी श्रावण लागला तेव्हा माझा देवावर राग होता. तो मी कोणाला बोलून दाखवला नव्हता. मी तशी फार बोलत नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे घरच्या देवधर्माकडे थोडं लांबूनच पाहायची सवय लागली होती. आई दिवा लावायची, मी बाजूला उभी राहायचे. पण त्या दिवसांत दिव्यासमोर उभी राहून मी मनात विचारायचे, तू खरंच कोणाची वाट बघतोस का, की आम्हीच बघत बसायचं?

कारण साधं होतं. मला फार्मसीला प्रवेश मिळाला होता, पण तात्पुरता. मुदतीच्या आत जातवैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर ती जागा जाणार, नाहीतर पूर्ण फी भरावी लागणार होती. पप्पा जळगावला एका कापडदुकानात कामाला आहेत. पूर्ण फी आमच्या आवाक्यातली नव्हती. वैधतेसाठी वडिलांकडच्या माणसांची जुनी शाळेतली नोंद लागते, आणि आमच्याकडे आजोबांच्या एका फोटोशिवाय काहीच नव्हतं. आजोबा तरुणपणी मोठ्या भावाशी शेताच्या वाटणीवरून भांडून अमळनेर तालुक्यातलं आपलं गाव सोडून आले ते परत गेलेच नाहीत. माझ्या जन्माआधीच ते वारले. पप्पांना गावाचं नाव तेवढं माहीत होतं. 'आपल्याला हाकलून दिलं तिथून,' एवढंच ते म्हणायचे आणि विषय संपायचा. आमच्या घरी कानबाईसुद्धा, म्हणजे श्रावणात घरोघरी बसवतात ती खानदेशातली देवी, बसत नाही. ती आजोबांच्या भावाकडे गावातच राहिली. श्रावणातल्या त्या रविवारी आई नुसती गावाच्या दिशेला तोंड करून हात जोडते.

मी आधी मोबाईलवर शोधलं. जुन्या नोंदी घरबसल्या दाखवणारी एक वेबसाइट सापडली, पण तिची वर्गणी भरल्यावरही आमच्या गावाचं काही मिळेल याची खात्री नव्हती. धुळ्याला अशी कागदपत्रं काढून देणारे एक गृहस्थ भेटले. 'सगळं काढून देतो, तुम्ही फक्त पैशाचं बघा,' म्हणाले. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून आईचा हात गळ्यातल्या पोतीकडे गेला. तो मी पाहिला.  येताना बसमध्ये मी आईला म्हटलं, 'मी एकदा गावच्या शाळेत जाऊन विचारते. विचारायला काही लागत नाही.' पप्पांना न सांगता जायचं ठरलं.

शनिवारची सकाळची शाळा होती. हेडमास्तर भले माणूस. त्यांनी माझ्यासमोर बसून जुनी पानं पाहिली. पाटील आडनावाची मुलं पानापानावर होती, पण त्या पाटलांमध्ये आजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव एकत्र कुठेच येईना. 'ताई, या नावाचा पाटील आमच्याकडे शिकलेला दिसत नाही,' ते म्हणाले. मी आभार मानून बाहेर आले. बस निघून गेली होती आणि पुढची दुपारी होती. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी रडू आवरत होते. समोरच्या ओट्यावर काही बायका गहू घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या आजींनी हाक मारली, 'ऊन लागी व माय. बस आठे.' त्यांना सगळ्या अक्का म्हणत होत्या.

मला अहिराणी कळते, पण बोलता येत नाही. मी पाणी प्यायले आणि कोपऱ्यात टेकले. अक्कांनी विचारलं, 'कोनी पोर शे तू?' मी कोणाची मुलगी, ते त्यांना हवं होतं. मी म्हटलं, 'जळगावहून आले. शाळेत काम होतं.' 'गाव नही इचारं मी, बाप इचारा,' त्या म्हणाल्या, आणि बायका हसल्या. मी पण हसले, पण उत्तर दिलं नाही. पप्पांचे शब्द डोक्यात होते. ज्यांनी हाकललं, ते हेच असतील तर?

दुसऱ्या दिवशी कानबाई बसणार होती. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, भावकीतल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायची रीत आहे. तो रोट भावकीबाहेर कोणाला देत नाहीत. अक्का एकेक नाव घेऊन सुपात गहू टाकत होत्या. मुलगा, नातू, पुतण्या, मुंबईला गेलेला, सुरतेला गेलेला. शेवटी त्यांनी आणखी एक मूठ घेतली आणि म्हणाल्या, 'हाई आत्मारामना पोरनी.' आत्मारामच्या मुलाची. शेजारची सून म्हणाली, 'अक्का, इतला वरीस झायात, त्यानी मूठ तूच खाई जास वाटस!' पुन्हा हशा झाला. अक्काही हसल्या. 'तो ये तवलोंग मीच खासू. नाव बी माहीत नही त्यानं. पन कानबाईले तं माहीत व्हई ना!'

आत्माराम हे माझ्या आजोबांचं नाव.

मूठ अजून अक्कांच्या हातातच होती. मी म्हटलं, 'सुरेश. त्यांचं नाव सुरेश आहे. ते माझे पप्पा आहेत.' आवाज माझाच होता, पण तो कोणी काढला हे मला आजही सांगता येत नाही. अक्कांनी गहू सुपात टाकले नाहीत. आधी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग नाव घेतलं, 'सुरेशनी,' आणि मूठ सोडली.

अक्का म्हणजे आजोबांच्या त्या मोठ्या भावाची बायको. आजोबा वारल्याचं आणि त्यांच्यामागे एक मुलगा असल्याचं तेवढं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांचा मुलगा नाना शेतातून आल्यावर मी शाळेतली हकीकत सांगितली. नाना कपाळाला हात लावून म्हणाले, 'अव बेटा, पाटील तं बठ्ठं गाव शे! शाळेत आपण बोरसे.' गावात सगळेच पाटील म्हणवत, पण शाळेत आमच्या घराची नोंद बोरसे नावाने होती, आणि आजोबांनी जळगावला गेल्यावर भावाचं ते आडनावही टाकून दिलं होतं. आम्ही पिढीभर दुसऱ्याच नावाने स्वतःला शोधत होतो.

संध्याकाळी मी तिथूनच पप्पांना फोन केला आणि त्यांच्या नावाच्या मुठीचं सांगितलं.  ते म्हणाले, 'सकाळच्या गाडीने निघतो.' नाना त्यांना आणायला अमळनेरला गेले. पप्पा दारात आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले, जणू कोणीतरी परत जा म्हणेल. अक्का आतूनच ओरडल्या, 'इतला उशीर का रे सुरेश? रोट थंडा व्हई गया!' पप्पांनी चपला काढल्या. कानबाईसमोर त्यांनी डोकं टेकलं ते लवकर उचललं नाही. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी पहिल्यांदाच बाजूला उभी न राहता त्यांच्या शेजारी बसले. रोट जाड होता, गुळाचा, आणि खरंच थंड झाला होता.

मंगळवारी हेडमास्तरांनी तीच पानं पुन्हा काढली. बोरसेंमध्ये दोघं भाऊ एकाखाली एक होते. उताऱ्याचा खर्च माझ्या बसच्या तिकिटाहून कमी आला. नानांनी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करून दिलं, आणि 'पुतणीच्या कामाचे कसले पैसे' म्हणून गाडीभाडंही देऊ दिलं नाही. प्रमाणपत्र मुदतीच्या आत हातात आलं. आज मी दुसऱ्या वर्षाला आहे.

बस चुकली हा योगायोग असेल. एखाद्याने तसं म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मला एवढंच माहीत आहे की मी पुरावा शोधत हिंडत होते आणि तिथे पुरावा कोणी मागितलाच नाही. आम्ही राग धरून दूर राहिलो, आमचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं, तरी कानबाईच्या दारी आमची जागा दरवर्षी राखलेली होती. ती जागा मला मिळवायची नव्हती. फक्त मी कोणाची आहे ते सांगायचं होतं, आणि तेच मला सगळ्यात जड जात होतं. आता कोणी 'कोनी पोर शे तू' असं विचारलं की मी आधी बापाचं नाव सांगते. मग हळूच, मनातल्या मनात, तिचं.