जाताना कचरा घेऊन जा

चीनमधल्या लिनशी गावात पाण्याचे पंप बनतात, आणि पंप सोडून दुसरं काही बनत नाही. वितोल्द पोलंडहून इथल्या एका कारखान्यात यंत्रं बसवून द्यायला आला होता, तीन महिन्यांसाठी. त्याला आता नऊ वर्षं झाली. गावाने त्याचं नाव कधीच लाओ वेई करून टाकलं होतं, आणि तोही पोलिश बहिणीशी फोनवर बोलताना मधेच चिनी हुंकार द्यायला लागला होता.

दर रविवारी त्याचं जेवण समोरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, छिनमावशीकडे. पहिल्याच हिवाळ्यात बाजारात त्याला कोबी निवडता येईना, तेव्हा मावशीने त्याच्या हातातला कोबी काढून घेतला आणि त्यालाच घरी नेलं. तेव्हापासून हा परिपाठ. तो आला की घर उठून उभं राहायचं. मावशीचा नवरा, फांगकाका, टीव्ही बंद करायचे. "या, या, बसा!" चहा पुढे यायचा, माशाचं डोकं मानाने त्याच्याकडे वळवलं जायचं, तो नको नको म्हणेस्तोवर वाडग्यात डोंगर रचला जायचा. निघताना तर विचारूच नका. फळांच्या पिशवीवरून जिन्यात झटापट, आणि मग दोघं म्हातारे गुडघे धरत चार मजले उतरून थेट फाटकापर्यंत. त्याचं घर रस्त्यापलीकडे, तरी तो आपल्या जिन्यात शिरेपर्यंत हे हात हलवत उभे. आधी त्याला याचा संकोच वाटायचा. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर तो त्याचीच वाट बघायला लागला.

मागच्या रविवारी त्याने जेवताना सांगितलं, की कराराची मुदत संपतेय, पुढे राहणार की नाही ते कारखान्याला पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय, आणि तिकडे बहिणीने त्याच्यासाठी खोली रंगवून ठेवलीय. काका माशाचे काटे काढत राहिले. मावशी म्हणाली, "हं." एवढंच.

आज तो संत्री घेऊन आला तर दार उघडंच होतं.

"आलास? दार लाव, गारठा येतोय," मावशी स्वयंपाकघरातून ओरडली. काका बुद्धिबळाचा सामना बघत होते, त्यांनी मानही वळवली नाही. फक्त खुर्चीवरची घडी न केलेली कपड्यांची रास एका हाताने बाजूला सारली.

"परत संत्री? घरात सडतायत," मावशी म्हणाली. "कालचा भात गरम केलाय." चालेल ना, हेही विचारलं नाही. माशाचं डोकं व्हिनेगरच्या बाटलीकडे तोंड करून पडलं होतं. वाढायला कोणी उठलं नाही, त्याने स्वतःच डावाने सूप घेतलं. काका एकदाच बोलले, तेही टीव्हीतल्या खेळाडूला: "गाढवा, घोडा हलव."

वितोल्द मान खाली घालून जेवत राहिला. जाणाऱ्या माणसासाठी कशाला जीव आटवायचा, असंच यांना वाटत असणार. नऊ वर्षांचा हिशोब एका "हं"मध्ये मिटला होता. भात संपेपर्यंत त्याने मनाशी ठरवून टाकलं: उद्या नाही म्हणून सांगायचं आणि तिकीट काढायचं.

"निघतो, मावशी."

"बरं. दाराशी कचऱ्याची पिशवी आहे, जाताना घेऊन जा."

जिन्यात त्याच्या मागे पावलं वाजली नाहीत. त्याला वाईट वाटलं, अगदी लहान पोराला वाटतं तसं. पिशवीतून माशाचं पाणी बुटावर ठिबकत होतं.

फाटकावरचा राखणदार तान पुठ्ठे बांधत बसला होता. "काय लाओ वेई, आज एकटाच? वरात कुठाय तुझी?"

"आली नाही. रागावलेत बहुतेक. मी जाणार म्हणून."

"आणि हे काय हातात? म्हातारीचा कचरा?"

"हो."

तान पुठ्ठे सोडून हसायलाच लागला. "अरे, माझा जावई सहा वर्षं घरी येतोय. परवा बिचारा आपणहून पिशवी उचलायला गेला, तर माझ्या बायकोने हिसकावून घेतली. पाहुण्याच्या हाती कचरा देतात का, म्हणते. आणि तू रडतोयस?"

वितोल्दने पिशवी पिंपात टाकली आणि तिथेच थांबला. कालचा भात, कपड्यांची रास, संत्र्यांवरून खाल्लेली बोलणी. आपल्या आईच्या घरीही त्याच्यासाठी कोणी उठून उभं राहत नसे.

तो चार मजले परत चढला. दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत होती.

"काय विसरलास?"

"काही नाही. संत्री नकोत, तर पुढच्या रविवारी काय आणू?"

"व्हिनेगर संपत आलंय." नळ चालूच होता. "उद्या काय सांगणार आहेस कारखान्यात?"

टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला.

"राहतो म्हणून."

मावशीने नळ बंद केला, पण मागे वळली नाही. "मग मोठी बाटली आण," ती म्हणाली.