उताऱ्यातला बैल

मी बी.ए.ला इंग्रजीतच आपटले होते, पण जबलपूरच्या आमच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये इंग्रजी शिकवायला तेवढी लायकी पुरत असे. लढाईची वर्षं होती. कारखान्यात जोरात भरती चालू होती. आठवी पास पोरगाही लेथवर चिकटत होता, त्यामुळे मॅट्रिकचा अभ्यास मुलींच्या गळ्यात पडला होता. त्यांचे बाप बारा-बारा तास ड्यूटी करत आणि घरी आले की इंग्रजीचं महत्त्व सांगत. स्वतःच्या रजेचा अर्ज मात्र माझ्याकडून लिहून नेत.

अशाच एका फिटरची पंधरा वर्षांची मुलगी माझ्याकडे येई. शाळा हिंदी, घरी मराठी, आणि इंग्रजी फक्त माझ्या व्हरांड्यात. बापाने पहिल्याच दिवशी सांगितलं, "दीदी, पास झाली तर हिला टायपिंग शिकवतो, ऑफिसात लागून जाईल. नाही तर सिहोऱ्याचं स्थळ तयारच आहे. धान्याचं दुकान आहे त्यांचं, अच्छा चालते." दुकानाचं नाव निघताच मुलगी वही घट्ट धरून माझ्याकडे बघत राहिली.

उताऱ्यावरचे प्रश्न सोडवण्याची माझी पद्धत साऱ्या कॉलनीत नावाजलेली होती. प्रश्नातला शब्द धरायचा, उताऱ्यात तो कुठे आहे ते शोधायचं आणि तिथलं वाक्य शेजारच्या वाक्यासकट उतरवून काढायचं. अर्थ कळायची काही गरज नाही. मलाही कित्येक उतारे कळत नसत. तपासणाऱ्यांनाही कळत नसावेत, कारण माझ्या मुली बिनबोभाट पास होत.

ही मात्र उतारा वाचत बसे. एकदा एका शेतकऱ्याची गोष्ट होती. तो बाजारात बैल विकतो आणि मागे न बघता घरी निघतो. रस्ता लांब आहे, ऊन कडक आहे. प्रश्न असा, की शेतकऱ्याने मागे का बघितलं नाही? गाइडात उत्तर छापलेलंच होतं: रस्ता लांब होता आणि ऊन कडक होतं. हिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं: बैल त्याच्याकडे बघत होता.

"हे कुठे लिहिलंय उताऱ्यात?" मी विचारलं.

"लिहिलं नाही, दीदी. पण बैल तिथंच उभा आहे ना. त्याच्याकडेच पाहून राहिला असेल."

"मग रस्ता आणि ऊन काय शोभेला घातलंय?"

"उन्हापायी काहून कोणी मागं पाहणार नाही?"

उत्तर नसलं की मी लाल पेन्सिल काढत असे. फुली मारली, गाइडातलं वाक्य दहा वेळा लिहायला लावलं आणि असल्या शहाणपणाने थेट सिहोऱ्याला पोचशील, म्हणून बजावलं. तिने मुकाट्याने दहा वेळा लिहिलं.

परीक्षा झाली तशी ती प्रश्नपत्रिका घेऊन धावत आली. सबंध उतारा तिला कळला होता, जन्मात पहिल्यांदा. त्या आनंदात तिने सगळी उत्तरं आपल्या मनाने लिहिली होती आणि एकेक मला ऐकवत होती. त्यातलं एकही वाक्य उताऱ्यात सापडलं नसतं, आणि एकही चूक नव्हतं. मी तिच्यावर भडकले. खरं तर मला तिचा हेवा वाटला होता.

इंग्रजीत ती नापास झाली.

बाप ड्यूटीवरून तसाच, तेलकट हातांनी आला. मुलगी त्याच्या मागे उभी. "दीदी, सगळे म्हणतात तुमच्या पोरी नापास होत नाहीत. मग हिचंच असं काहून झालं? पुन्हा बसवू काय? तुम्ही म्हणाल तसं."

खरं सांगितलं असतं तर माझी पद्धत थोतांड आहे हे कबूल करावं लागलं असतं. व्हरांड्यात चार मुली बसल्या होत्या, आणि त्यांतल्या दोघींच्या आया कुंपणापाशी कान टवकारून उभ्या होत्या.

"उगाच वर्ष घालवू नका," मी म्हणाले. "हिला वाचलेलं कळत नाही."

हे मी मराठीत म्हणाले. तिला ते लगेच कळलं.