पद्माच्या बांगड्या

नात शाळेतून आली ती रंगांचा डबा नाचवतच. “आजी, माझ्या मैत्रिणीनं दिला, सईनं. म्हणाली, मला आता लागणार नाही.”

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. नववीत माझ्या शेजारी बसणाऱ्या पद्मानं गड्ड्याच्या जत्रेतल्या काचेच्या बांगड्या अशाच काढून माझ्या हातात चढवल्या होत्या. विणकराची पोर ती, वर्षभर हट्ट करून मिळवलेल्या.

“तुला लई आवडत्यात की, घे.”

आणि मी पक्की हावरट. का देतेस, हे विचारायचं सोडून म्हणाले, “मग कानातले पण दे की.” तिनं तेही दिले, हसत. दिवसभर मी मनगट किणकिणवत मिरवले, जशी काही माझीच जत्रा भरली होती.

त्याच संध्याकाळी पद्मानं जीव दिला. बाईंनी हजेरीतलं नाव खोडलं, आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही. त्या बांगड्या मी पुन्हा घातल्या नाहीत, टाकल्याही नाहीत.

“चल, सईचं घर दाखव,” मी चपला घालत म्हणाले.

“आत्ता? कशाला?”

“का देतेस, हे विचारायला. माझं एकदा राहिलंय.”